फोन कुठे वाजावा? पिंपरी ते चाकण : येणाऱ्या कॉलच्या वाटेचा इतिहास

टेलिफोनच्या इतिहासलेखनात लक्ष बहुधा फोन लावणाऱ्याकडे असते. त्याला लाइन किती वेळात मिळाली, किती पैसे पडले आणि आवाज किती दूर पोचला, हेच त्यात नोंदले जाते. कारखान्याच्या दृष्टीने मात्र अधिक बिकट प्रश्न येणाऱ्या फोनचा असतो, कारण बाहेरून आलेल्या हाकेला आत नेमकी कोणी ओ द्यायची हे हाक मारणाऱ्याला ठाऊक नसते आणि ज्याने ओ द्यायची तो त्या वेळी आपल्या टेबलापाशी असेलच असे नाही. पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि पुढे चाकण अशा पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न विशेष जाणवला, कारण इथली आवारे एकरांत मोजली जात, काम तीन पाळ्यांत चाले, आणि मोठ्या कारखान्याची साखळी थांबू नये म्हणून लहान पुरवठादाराला वेळी-अवेळी फोन येत असे. आज इंटरनेटवरून आलेला एकच कॉल टेबलावरच्या फोनवर, लॅपटॉपवर आणि खिशातल्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. या सोयीमागचा इतिहास यंत्रांचा आहे तितकाच कायद्याचाही आहे, आणि त्याच्या मुळाशी नंबर हा जागेचा असतो की माणसाचा, हा एकच वाद आहे.

या पट्ट्याची औद्योगिक घडण स्वातंत्र्यानंतरची आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र सरकारचा पेनिसिलीनचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, अस्तित्वात आली, आणि १९६६ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) इथे पाय रोवल्यावर तिच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांचे मोहोळ बसले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेले हे शहर एका बाजारपेठेभोवती वाढलेले नसून कारखान्यांच्या फाटकांभोवती वाढलेले आहे, आणि त्याचा टेलिफोनही त्याच धाटणीने वाढला. घरोघरी फोन ही इथे फार नंतरची गोष्ट, तर आधी फोन होता तो कारखान्याच्या 'बोर्डा'वर.

बोर्ड म्हणजे हाताने चालवायचे खासगी एक्सचेंज. टपाल-तार खात्याच्या एक्सचेंजमधून आलेल्या मोजक्या लाइन एका बाजूला आणि आवारातील खात्याखात्यांत गेलेली एक्सटेंशन दुसऱ्या बाजूला, अशी त्याची रचना असे आणि मधे दोरीसारख्या कॉर्ड घेऊन ऑपरेटर बसलेली असे. बाहेरून फोन आला की बोर्डावरची एक छोटी झडप खाली पडे किंवा दिवा लागे, ऑपरेटर त्या लाइनीत प्लग घालून कंपनीचे नाव सांगे, कोण हवे ते विचारून घेई, मग कॉर्डचे दुसरे टोक त्या एक्सटेंशनच्या भोकात खुपसून घंटेची कळ दाबे. वरवर पाहता हे काम यांत्रिक वाटते, पण त्यातील खरे कौशल्य माहितीचे होते. कोणते साहेब सकाळी फाउंड्रीत फेरी मारतात, कोण दुपारी स्टोअर्समध्ये सापडतात, कोणाचा फोन कोणाला द्यायचा नाही, आणि एखादे एक्सटेंशन उचलले गेले नाही तर पुढे कुठे प्रयत्न करायचा, हे सगळे तिच्या डोक्यात असे. आजच्या परिभाषेत ज्याला कॉल रूटिंग म्हणतात, म्हणजे येणारा कॉल ठरावीक नियमांनी योग्य ठिकाणी पोचवणे, त्याचे सर्वांत लवचीक रूप कदाचित हेच होते, आणि पुढच्या प्रत्येक यंत्राने या बाईच्या स्मरणशक्तीचा काही भाग उचलून स्वतःत बसवला, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

लहान वर्कशॉपांना बोर्ड परवडत नसे आणि त्यांच्यापुढचा प्रश्नही वेगळा होता. लाइन एकच, तीसुद्धा कित्येक वर्षे प्रतीक्षायादीत राहून मिळालेली, आणि ती वाजायला हवी दोन-तीन ठिकाणी : पुढच्या ऑफिसात, मागच्या शेडमध्ये आणि शक्य झाल्यास मालकाच्या वरच्या मजल्यावरील घरात. यावरचा उपाय म्हणजे 'पॅरलल' फोन. एकाच तांब्याच्या जोडतारेवर दोन उपकरणे जोडली की एक्सचेंजकडून घंटेसाठी येणारा, सुमारे ७५ व्होल्टचा उलटसुलट दाब दोहोंना मिळे आणि दोन्ही एकदम वाजत. एकाच कॉलने अनेक उपकरणे वाजवण्याचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त प्रकार आहे. त्याच्या मर्यादाही तितक्याच उघड होत्या. उपकरणे वाढवली की घंटेला मिळणारी शक्ती वाटली जाऊन आवाज मलूल होई, आणि एकाने फोन उचलल्यावर दुसऱ्यानेही उचलला तर तो संभाषणात आपोआप सामील होई, त्यामुळे दर ठरवण्याचे बोलणे चालू असताना शेडमधला फोन कोणी हळूच उचलला, हे ओळखायला लाइनीवरचा आवाज एकदम बारीक होणे एवढीच खूण असे. प्रेस आणि लेथच्या गोंगाटात साधी घंटा ऐकू येत नसल्याने शेडच्या भिंतीवर बाहेरची मोठी घंटा किंवा लुकलुकणारा दिवा बसवण्याची पद्धतही होती.

याच काळात सार्वजनिक एक्सचेंजच्या पातळीवर 'हंटिंग' ही सोय रूढ झाली. कंपनीकडे पाच लाइन असतील तर बाहेर फक्त पहिला नंबर, म्हणजे पायलट नंबर, जाहीर करायचा; तो गुंतलेला असला की एक्सचेंजने आपणहून पुढची मोकळी लाइन शोधायची. त्या काळच्या व्हिजिटिंग कार्डांवर नंबरापुढे 'पाच लाइन्स' असे जे छापलेले असे, ते याच सोयीचे द्योतक होते, आणि ते छापण्यात पत दाखवण्याचा भागही लपलेला नसे. हंटिंगचे मूळ स्वयंचलित एक्सचेंजच्या यंत्रणेत आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा अंत्यविधीचा व्यावसायिक आल्मन स्ट्रोजर याने १८९१ मध्ये पायरीपायरीने सरकणाऱ्या निवडयंत्राचे पेटंट घेतले, आणि आपल्या गिऱ्हाइकांचे फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयातून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, येणारा कॉल कुठे जातो यात व्यवसायाचा जीव अडकलेला असतो, हे तिच्यातून नेमके कळते.

१९८० च्या दशकात ईपीएबीएक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खासगी स्वयंचलित एक्सचेंज, आले आणि कॉलची वाट ठरवण्याचे काम तारांकडून प्रोग्रॅमकडे गेले. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने १२८ पोर्टचे एक्सचेंज तयार केले, ज्याचे ग्रामीण रूप १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर इथे प्रथम सुरू झाले, आणि त्याच तंत्रावरचे ईपीएबीएक्स बनवण्याचे परवाने देशातील अनेक उत्पादकांना दिले. टेलिफोनच्या केबलचा पुरवठाही आता घरचाच होता. मूळची पिंपरीची फिनोलेक्स केबल्स ही कंपनी जमिनीत पुरायच्या, जेली भरून ओलाव्यापासून राखलेल्या टेलिफोन केबलच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक ठरली. नव्या यंत्रात एक्सटेंशनांचे गट पाडता येत, गटातील फोन क्रमाने किंवा सगळे एकदम वाजवता येत, शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन दोन आकडे दाबून आपल्या टेबलावर ओढून घेता येई, आणि बाहेरच्याला रेकॉर्ड केलेल्या आवाजात एक्सटेंशन नंबर दाबायला सांगता येई.

या सोयींपैकी पट्ट्याच्या दिनक्रमात सर्वांत खोल रुजली ती 'नाइट सर्व्हिस'. ऑपरेटर घरी जाताना एक कळ दाबे आणि त्यानंतर बाहेरून येणारा प्रत्येक कॉल बोर्डाऐवजी फाटकावरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये वाजे. इथे रात्रीइतकाच महत्त्वाचा दिवस गुरुवार होता. विजेच्या नियोजनासाठी पुणे परिसरातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठरलेली, तर मुंबई-दिल्लीची ऑफिसे त्या दिवशी चालू. त्यामुळे दर गुरुवारी कंपनीचा आवाज म्हणजे वॉचमनचा आवाज असे. आवक-जावक रजिस्टरच्या शेजारी फोनचे वेगळे रजिस्टर असे आणि त्यात वेळ, नाव, गाव व निरोप असे रकाने आखलेले असत. परगावच्या खरेदी अधिकाऱ्याचा तातडीचा निरोप त्यात शुक्रवार सकाळपर्यंत पडून राहिल्याने ऑर्डर हुकल्याच्या तक्रारी या व्यवस्थेबरोबरच जन्माला आल्या. यंत्राने कॉल पोचवला होता, पण तो जागेपर्यंत पोचवला होता, माणसापर्यंत नव्हे.

जागा आणि नंबर यांची ही गाठ चाकणला अधिकच घट्ट झाली. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी ओलांडून गेले की चाकण पिंपरीपासून रस्त्याने तासाभराच्या आत येते, निदान वाहतूक कोंडी नसेल तर. पण टेलिफोनच्या नकाशावर ते परगाव होते. दूरसंचार खात्याने आकारणीसाठी देशाचे साधारण तालुक्याएवढे विभाग पाडले होते, त्यांत पिंपरी-चिंचवड पुण्याच्या ०२० मध्ये आले आणि चाकण खेड तालुक्याच्या ०२१३५ मध्ये. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचा, आणि २०१० मध्ये महिंद्रचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला, तेव्हा त्यांच्यामागोमाग भोसरी-चिखलीचे पुरवठादारही म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडे सरकले. एकाच मालकाची जुनी शेड आणि नवा प्लँट आता दोन वेगळ्या कोडांत पडले, जुन्या नंबरावर येणारा फोन नव्या प्लँटला देणे म्हणजे एसटीडी कॉल करणे झाले, आणि नंबर बरोबर नेता येत नसल्याने जुन्या ऑफिसात केवळ फोन घ्यायला एक माणूस बसवून ठेवावा लागे. ज्या पुणे-नाशिक रस्त्यावर हे घडत होते त्याच रस्त्यावर पुढे, नारायणगावजवळ आर्वी इथे, उपग्रहामार्गे परदेशाशी बोलण्यासाठी उभारलेले विक्रम भूकेंद्र १९७१ पासून काम करत होते, हा एक मौजेचा विरोधाभास आहे : साता समुद्रापलीकडचा आवाज ज्या रस्त्याने शहरात येई, त्या रस्त्यावर शेजारच्या तालुक्यातला नंबर मात्र परका होता.

मोबाइलने ही गाठ सैल केली, पण लगेच नाही. सुरुवातीच्या वर्षांत येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. मे २००३ पासून 'लावणाऱ्याने पैसे द्यायचे' ही पद्धत लागू झाल्यावरच सुपरवायझरला मोबाइल देऊन ऑफिसचा फोन त्यावर वळवणे परवडू लागले. हे वळवणे, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग, मुळात एका वेळी एकाच दिशेचे असते. फोन इथे वाजेल किंवा तिथे, दोन्हीकडे नाही. आणि फॉरवर्डिंग काढायला विसरले की टेबलाशी बसलेल्या माणसाचा फोन त्याच्याच खिशात वाजत राही.

खरा बदल इंटरनेट टेलिफोनीने केला आणि तो समजण्यासाठी तिच्या कार्यपद्धतीकडे जरा जवळून पाहावे लागते. आवाजाचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून पाठवण्याचे प्रयोग १९७३ पासून अमेरिकेच्या अर्पानेटवर होत होते, १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने त्याचे बाजारू सॉफ्टवेअर आणले, आणि मार्च १९९९ मध्ये सिप हा प्रोटोकॉल, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांची ठरीव भाषा, प्रथम प्रमाणित झाला; त्याची आजही वापरात असलेली सुधारित आवृत्ती जून २००२ ची आहे. जुन्या एक्सचेंजमध्ये नंबर हा एका जोडतारेचे नाव असे. सिपमध्ये नंबर हा केवळ यादीतील एक नोंद असतो, आणि त्या नोंदीखाली कोणती उपकरणे येतात हे एक्सचेंज ठरवत नाही, तर उपकरणे स्वतः येऊन सांगतात. प्रत्येक फोन, ॲप किंवा लॅपटॉप ठरावीक काळाने नोंदणी सर्व्हरला 'हा नंबर आता मजपाशी, या पत्त्यावर आहे' असे कळवतो, आणि मुदत संपण्यापूर्वी नोंद ताजी केली नाही तर ती गळून पडते. फाटकावरच्या रजिस्टरची रीत इथे उलटी झाली आहे, कारण इथे माणूस कुठे आहे ते शोधायला कोणी जात नाही, त्याची उपकरणेच हजेरी लावतात.

कॉल आला की प्रॉक्सी नावाचा मध्यस्थ सर्व्हर ही हजेरी पाहतो आणि नोंदलेल्या प्रत्येक उपकरणाकडे आमंत्रणाची एकेक प्रत पाठवतो. या क्रियेला फोर्किंग म्हणतात. मराठीत तिला फाटा फुटणे म्हणावे, आणि ज्या पट्ट्याची वाटच नाशिक फाट्यापासून फुटते तिथे तो शब्द समजावून सांगण्याची गरज पडू नये. फाटे एकदम फुटू शकतात किंवा उपकरणांना दिलेल्या अग्रक्रमानुसार एकामागून एक : आधी टेबल, मग मोबाइल, शेवटी फाटक. ज्या उपकरणावर कॉल प्रथम उचलला जातो त्याचा होकार लावणाऱ्याकडे जातो आणि प्रॉक्सी उरलेल्यांना 'रद्द' असा संदेश धाडून त्यांच्या घंटा थांबवतो. पॅरलल फोनशी याचे साम्य वरवरचे आहे, कारण इथे दुसऱ्याने चोरून ऐकण्याची सोय उरत नाही. नव्या अडचणी मात्र उभ्या राहिल्या. दोघांनी एकाच क्षणी फोन उचलला तर लावणाऱ्याकडे दोन होकार पोचतात आणि एक जोडणी तोडावी लागते. एखाद्या फाट्यावर निरोप रेकॉर्ड करणारे यंत्र असेल तर ते माणसाच्या आधी 'उचलते' आणि बाकीच्या घंटा बंद पडतात. शिवाय रद्द झालेला कॉल उरलेल्या उपकरणांवर मिस्ड कॉल म्हणून नोंदला जाऊन एकाच गिऱ्हाइकाला तिघे उलट फोन करू लागतात. यासाठी रद्दच्या संदेशाबरोबर 'कॉल अन्यत्र पूर्ण झाला' असे कारण जोडण्याची तरतूद डिसेंबर २००२ मध्ये करावी लागली.

तंत्र असे २००२ पर्यंत सिद्ध झाले होते, तरी पट्ट्यातील कारखान्यांना ते पुरते वापरता येईपर्यंत दीड दशक लोटले, आणि या विलंबाचे कारण तांत्रिक नव्हते. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाखाली परवानाधारकांना जो हक्क मिळत असे, त्याच्या महसुलाला इंटरनेटवरून फुकट जाणारा आवाज छेद देत होता. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेट टेलिफोनीला नकार दिला. १ एप्रिल २००२ पासून संगणक ते संगणक बोलण्याची आणि संगणकावरून परदेशातील फोन लावण्याची मुभा मिळाली, पण भारतातल्या भारतात इंटरनेट आणि साधा फोन यांची गाठ घालणे निषिद्धच राहिले. परदेशी मातृसंस्था असलेल्या कारखान्यात याचे रूप विचित्र दिसे. टेबलावरचा आयपी फोन कंपनीच्या खासगी जाळ्यातून युरोपातील मुख्यालयाशी बोलू शकत होता आणि स्थानिक लाइनीवरून भोसरीच्या पुरवठादाराशीही, परंतु हे दोन प्रवाह एक्सचेंजच्या आत भिंत घालून वेगळे ठेवणे बंधनकारक होते. या भिंतीला तार्किक विभाजन म्हणत, आणि ती नसल्यास लांब पल्ल्याचे शुल्क चुकवल्याचा ठपका येई. महसुलाची काळजी रास्त होती, पण तिची किंमत प्रामुख्याने लहान कारखानदाराने मोजली. मोठ्यांना भाडेपट्ट्याच्या लाइन आणि सल्लागार दोन्ही परवडत. भोसरीचा फोन चाकणला वाजवू पाहणाऱ्याला कायदेशीर वाट फॉरवर्डिंगचीच होती.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेट आणि साधा फोन यांची गाठ घालण्यावरची बंदी उठवण्याची शिफारस केली, आणि जून २०१८ मध्ये खात्याने परवान्यांत तसा बदल केला. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने 'विंग्ज' ही सेवा जाहीर केली. वर्षाला १,०९९ रुपये भरले की ॲपवर चालणारा दहा आकडी नंबर मिळे आणि कोणत्याही इंटरनेटवरून त्यावर कॉल घेता येत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, फाटके बंद झाली, आणि जी सोय चैनीची वाटत होती ती एकाएकी गरजेची झाली, कारण रिकाम्या ऑफिसात वाजणारा फोन उचलायला वॉचमनखेरीज कोणी उरले नव्हते. त्यानंतर नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले, प्रामुख्याने कॉल सेंटरांसाठी, आणि डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या अधिनियमाची जागा घेतली.

जुन्या व्यवस्थेतील एक गुण मात्र नव्या व्यवस्थेत हरवला. तांब्याच्या जोडतारेवरचा फोन एक्सचेंजच्या बॅटरीवर चाले, त्यामुळे वीज गेली तरी तो वाजत असे. आयपी फोन, राउटर आणि स्विच हे सगळे कारखान्याच्या विजेवर अवलंबून असल्याने यूपीएस बंद पडला की नंबर मुका होतो आणि तेव्हा मोबाइलचा फाटाच तेवढा कामी येतो. याच कारणाने अनेक ठिकाणी सिक्युरिटी केबिनमध्ये जुना, वायरीचा फोन अजून राखलेला दिसतो आणि जुने ईपीएबीएक्सही मोडीत न काढता गेटवे नावाच्या छोट्या पेटीमार्फत इंटरनेटच्या लाइनीला जोडलेले असते, म्हणजे वर्षानुवर्षे पाठ झालेले एक्सटेंशन नंबर बदलावे लागत नाहीत. केबिनच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या कव्हरात लावलेल्या यादीत पहिली ओळ बहुधा अजूनही '९ – ऑपरेटर' अशीच असते. बोर्ड जाऊन त्या जागी झेरॉक्स मशीन आले आहे, पण ९ दाबला की एचआर, स्टोअर्स आणि डिस्पॅच अशा तीन खात्यांतले तीन मोबाइल एकदम वाजतात, आणि ज्याच्या हाताला तेल लागलेले नसेल तो उचलतो.